यूपीआय : लोक कशामुळे वळतात, कुठे अडतात? (अनुभव धागा)

घरच्यांना, गिऱ्हाइकांना, खातेदारांना यूपीआय सुरू करून देणाऱ्यांनी इथे लिहावं. ‘सोयीचं आहे’ एवढ्यावर थांबू नका, नेमकं सांगा.

बँकमित्र
बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर गळतात. नोंदणीच्या वेळी ॲप आपल्या सिममधून एक एसएमएस पाठवतं. रिचार्ज संपलेलं असेल किंवा दोन सिमांपैकी भलतंच निवडलं, तर खातं सापडत नाही. बँकेत नोंदलेला नंबर कोणता, हे आधी विचारा. यूपीआय पिनसाठी डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं. कार्ड नसेल तर आधार ओटीपीने पिन करता येतो, पण तोच नंबर आधारलाही जोडलेला हवा. पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, हे आधी सांगितलं नाही तर माणूस ‘हे चालत नाही’ म्हणून ॲप काढून टाकतो.

किराणा दुकानदार
२०१६च्या नोटाबंदीने ओळख झाली हे खरं, पण दुकानदार टिकला तो दोन गोष्टींमुळे. जानेवारी २०२० पासून खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क कापलं जात नाही. आणि दुसरा, माझ्या मते मोठा, साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की मोठ्याने रक्कम सांगणारा डबा. पिठाच्या हाताने फोन बघावा लागत नाही, खोटा स्क्रीनशॉट दाखवणाराही फसवू शकत नाही. त्याचं भाडं आधी विचारून घ्या. गल्ल्याच्या कोपऱ्यात रेंज नसेल तर घोषणा उशिरा होते आणि गिऱ्हाईक उगाच खोळंबतं, म्हणून डबा दाराकडे ठेवा. क्यूआर मुलाच्या खात्याचा लावू नका. पैसे तिकडे जातात, वडिलांचा विश्वास उडतो.

भाजीवाल्यांसाठी
दहा-वीस रुपयांना यूपीआय लाइट उत्तम, म्हणजे खात्यातून थोडे पैसे आधी ॲपमध्ये भरून ठेवायचे आणि त्यातून द्यायचे. १,००० रुपयांपर्यंत पिन नको, शिल्लक ५,००० पर्यंत. पासबुकात प्रत्येक जुडीची नोंदही येत नाही. मात्र फोनला लॉक हवाच, आणि फोन बदलण्याआधी लाइट बंद करून पैसे खात्यात परत घ्या.

ज्येष्ठांना शिकवणारी
भीती गेल्याशिवाय काही होत नाही. ‘पिन फक्त पैसे देताना, घेताना कधीच नाही’ हे वाक्य पाठ करून घ्या. मग समोर बसून १ रुपया पाठवायला लावा. पाठवण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानातले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (संदर्भ) नंबर वहीत लिहून ठेवा. फसवणूक झालीच तर वाट न बघता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

बँकमित्र
साध्या फोनवाल्यांचं राहिलं. इंटरनेटशिवाय *९९# चालतं, फक्त डायल करताना खात्याशी जोडलेलं सिम निवडा.