पडद्यावरची डोंबिवली: तुम्ही तेव्हा कुठे होतात?

डोंबिवलीला राहतो म्हटलं की मुंबईतला माणूस ठरलेलं काहीतरी बोलतो. "बापरे, रोज एवढं?" किंवा "अच्छा, डोंबिवली फास्ट!" अलीकडे त्यात एक भर पडलीय, "तुमच्याकडे तो स्फोट झाला होता ना?" फोर्टातल्या ऑफिसात हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मुलुंडच्या पुढे पाय ठेवलेला नसतो. त्यांची डोंबिवली सगळी टीव्हीवरची आणि सिनेमातली.

म्हणून हा धागा. सिनेमात, मालिकेत, बातमीत आपलं गाव आलं तेव्हा तुम्ही तिथे होतात, किंवा घरात बसून बघत होतात, तर लिहा. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं नकोत; वर आपला भाग लिहा, मधे कंसात मी बोलेन. ठाकुर्ली-कोपर-कल्याणवाल्यांनीही यावं.

सुरुवात माझ्यापासून. 'डोंबिवली फास्ट' आला २००५ मध्ये. निशिकांत कामतांचा सिनेमा, संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, वैतागून बॅट घेऊन सुटणारा. आमच्या डब्यातला अख्खा ग्रुप बघायला गेला आणि बाहेर पडल्यावर पहिला वाद आपटेच्या बॅटवर नाही, तर गाडीवर झाला: हा रेक त्या मार्गावर कधी धावतो का! डोंबिवलीकर असाच सिनेमा बघतो. माझं मत विचाराल तर तो सिनेमा आपल्या गावाचा नाहीच. आपटेचं सगळं भांडण मुंबईशी, डोंबिवलीला तो झोपायला येतो. पुढे कामतांनीच तमिळमध्ये माधवनला घेऊन तो पुन्हा केला, गोष्ट चेन्नईला गेली आणि डोंबिवलीवाचून तिचं काही अडलं नाही. तरी नाव मात्र आपलं झालं. तक्रार नाही.

रामनगर, पूर्व

पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ ला आपल्या गणेश मंदिरानं सुरू केली, मग ती सगळीकडे गेली. पण टीव्हीवर पाडव्याला लाइव्ह म्हणजे गिरगाव. एका वर्षी आमच्याकडे एक कॅमेरा आला, तोही यात्रा निम्मी पुढे गेल्यावर. "ताई, जरा मागे जाऊन परत याल का? लेझीम चालू ठेवा." आम्ही नऊवारीतल्या बायका भर उन्हात फडके रोडवर उलट्या निघालो. मागून ढोलपथक येतंय, त्यांना कोण थांबवणार? दोन्हींची अशी काही गाठ पडली की ताशेवाला पोरगा आमच्यातच अडकला. मग बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणं. मी आमच्या चित्ररथाचा विषय सांगितला, पाणी कसं वाचवायचं वगैरे, रात्री जागून पाठ केलेलं. दाखवलं काय, तर माझ्या बाजूच्या काकूंची नथ. काकू अजून तो व्हिडिओ पाठवतात.

एमआयडीसी, निवासी विभाग

२६ मे २०१६, सकाळची अकरा-साडेअकराची वेळ. आधी वाटलं खालच्या मजल्यावर सिलिंडर गेला. मग हॉलच्या सरकत्या खिडकीच्या काचा आत आल्या. उन्हासाठी पडदा ओढलेला होता म्हणून आई वाचली. नंतर तो पडदा झटकला तर काचांचे तुकडे सुपात घेण्याएवढे पडले. वीज गेली, त्यामुळे टीव्ही बंद. आमची बातमी आम्हाला पार्ल्याच्या बहिणीनं फोनवर सांगितली. "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा उभाय, तिथे गर्दी आहे, खाली उतरू नका." म्हणजे माझ्या दारातलं मला पार्ल्याहून कळतंय. केमिकल कारखान्यातल्या त्या स्फोटात बारा माणसं गेली.

२३ मे २०२४ ला पुन्हा तेच, फक्त वेळ दुपारची. ह्या वेळी आई आवाज ऐकताच काही न बोलता खिडकीपासून उठून आतल्या खोलीत गेली. दोन्ही वेळेला कारखाने हलवणार म्हणून ऐकलं. दोन्ही वेळेला माइकवाल्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात? भाजी निवडत होते, दुसरं काय! कॅमेरे गेल्यावर काचा बसवणाऱ्याकडे कितीतरी दिवस नंबर लागत नव्हता आणि आम्ही खिडकीला जुनी चादर बांधून राहिलो, ते मात्र कुठल्याच चॅनेलवर नाही.

नांदिवली

वरच्या ताईंनी गंभीर लिहिलंय, मी हलकं लिहितो. कारखान्यांच्या रसायनांमुळे २०१४ ला हिरवा पाऊस, २०२० ला गुलाबी रस्ता. नाशिकचा मेव्हणा विचारायला लागला, पुढचा रंग कोणता ठरलाय? गुलाबी रस्ता बघायला मुख्यमंत्री आले होते. मी मुलाला दाखवायला घेऊन गेलो, तर त्याला रंगापेक्षा वास जास्त लक्षात राहिला. तो वास टीव्हीवर येत नाही, नाहीतर हलकं लिहिलं नसतं.

विष्णुनगर, पश्चिम

क्रिकेटर अजिंक्य रहाणे आपला. ऑस्ट्रेलियात गॅबाची कसोटी जिंकून आला जानेवारी २०२१ मध्ये, तर सगळे कॅमेरे माटुंग्याला. इथे आम्ही टीव्हीसमोर ओरडतोय, अरे तो इथून लोकल पकडून प्रॅक्टिसला जायचा! कोण ऐकतंय.

(कल्याणकर, वाटच बघत होतो तुमची. खाली या.)

कल्याण, वायलेनगरजवळ

आलो! जानेवारी २०१६, शाळेची मॅच, प्रणव धनावडे नाबाद १००९. पहिल्या दिवशी मैदानात आम्ही रिकामटेकडे तेवढे. दुसऱ्या दिवशी चॅनेलवाल्यांच्या ओबी व्हॅन, आणि गल्लीत वडापाववाल्याचा माल संपलेला. ५९ षटकार होते त्यात. चेंडू शोधून आणून देणाऱ्या पोरांची मुलाखत कुणी घेतली नाही, खरं काम त्यांनी केलं.

आर्ट डिपार्टमेंटमधला, जन्म डोंबिवली, मुक्काम मीरा रोड

गुपित फोडतो. मालिकेतलं डोंबिवलीचं घर बहुतेक वेळा गोरेगावच्या चित्रनगरीत, नाहीतर मढ किंवा घोडबंदरला असतं. आमच्याकडे कागद येतो, "मध्यमवर्गीय, डोंबिवली". मग मी सोसायटीचा पितळी बोर्ड, तारीख उलटून गेलेली पाणी-बंदची नोटीस, जिन्यातल्या टपालपेट्या आणि त्यातली एक झाकण तुटलेली, असं सगळं लावतो. एकदा दाराबाहेर चपलांचं लाकडी स्टँड आणि त्यावर वाळत घातलेली छत्री ठेवली. वरून हुकूम आला, छत्री काढा, फ्रेम घाण दिसतेय. तिच्या जागी तुळस. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर तुळस कोण ठेवतं? चालतंय.

फलाटाचा सीन असला तर आपल्या स्टेशनचा विचारही कुणी करत नाही. रेल्वेची परवानगी काढता येते हो, पण कॅमेऱ्याची ट्रॉली टाकायला जागा कुठे आहे? मोकळं स्टेशन हवं तर पनवेलच्या पुढे आपटा. 'दिलवाले दुल्हनिया'चा शेवट तिथेच झालाय. रोज लाखो पाय पडणारं आपलं स्टेशन असं कॅमेऱ्यातून सुटतं आणि गाडी सुटताना हात देण्याचे सगळे सीन ओसाड फलाटांवर होतात. आपल्याकडे हात दिला तर चौघं चढतील.

कोपर

ते शेवटचं वाक्य वाचून हसलो, मग थांबलो. २०१५ च्या नोव्हेंबरात दारात लटकलेल्या एका मुलाचा हात सुटतानाचा व्हिडिओ सगळ्या चॅनेलवर फिरत होता. आमच्याच पट्ट्यातला. आमच्या घरी जेवताना तो पुन्हा पुन्हा लागायचा, शेवटी वडिलांनी केबल बंद केली. दुसऱ्या दिवशी मी त्याच गाडीला, त्याच दारात. आत शिरायला मिळेल तर ना. जास्त लिहीत नाही.

माहेर टिळकनगर, सासर मुलुंड

धागाकर्ते, तुमची यादी मला एकांगी वाटते. फेब्रुवारी २०१७ ला नव्वदावं साहित्य संमेलन आपल्याकडे झालं, पु. भा. भावे साहित्यनगरी. लेखक शं. ना. नवरे ह्याच गावचे. संमेलनाच्या बातम्यांत मंडपातल्या रिकाम्या खुर्च्या दाखवल्या, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर आम्ही मुलीचा हात धरून धक्के खात होतो! स्फोट म्हटलं की लाइव्ह, पुस्तकं म्हटली की रिकामी खुर्ची. 'झोंबिवली' ह्या झॉम्बींच्या सिनेमाचंही तेच, सव्वीस जानेवारी २०२२ ला आला. पाण्याची भानगड, टॉवर, शेजारची वस्ती, हे सगळं आपल्याकडचंच. पण मुलुंडच्या थिएटरात लोक नुसत्या नावालाच हसत होते. मीही हसले, नाव चांगलंच आहे.

(मान्य. एकांगी आहे. पण लोकांना आठवतं ते लिहिणार ना.)

गोग्रासवाडी

माझा फोटो पेपरात आलाय. लॉकडाउननंतर लोकल फक्त अत्यावश्यकवाल्यांना होती तेव्हाचा, इंदिरा चौकातली बसची रांग. मी खाजगी नोकरीवाला, त्यामुळे रांगेत. फोटोत मास्क, पाठीला सॅक, हातात छत्री, चेहरा दिसत नाही, पण सॅकला मुलीनं बांधलेला लाल लोकरीचा गोंडा आहे त्यावरून बायकोनं ओळखलं. कात्रण घेऊन ऑफिसात गेलो, साहेबांपुढे ठेवलं. म्हटलं, बघा, सहापासून उभा होतो. साहेबांनी नीट चष्मा लावून पाहिलं, "छान आलाय फोटो" म्हणाले, आणि लेट मार्क तसाच ठेवला.