‘नाइलाज होता’ हे कुठवर चालतं? (पिऊन गाडी चालवण्याबद्दल)

अर्धविराम

पिऊन गाडी चालवू नये, याबद्दल वाद नाही. तेवढंच सांगायला कुणी येणार असेल तर कृपया नको. माझा प्रश्न अपवादाचा आहे. तीन प्रसंग मांडतो.

एक, रात्री घरात कुणाच्या तरी छातीत जोराची कळ आली. गाडी चालवता येणारा माणूस एकच, आणि त्याने दोन तासांपूर्वी ६० मिलीचे दोन पेग घेतलेत.

दोन, मारायला धावून आलेल्या टोळक्यापासून सुटायला गाडीत बसून पळ काढला.

तीन, पार्किंगमध्ये आपल्या गाडीने दुसऱ्याची वाट अडली आहे. फक्त दहा मीटर मागे घ्यायची आहे.

यातलं कायद्यात काय बसतं? कायदा बाजूला ठेवला तरी काय पटण्यासारखं आहे? आणि ‘मी शुद्धीत आहे, मला सगळं कळतंय’ या म्हणण्याला शरीरशास्त्रात काही आधार आहे का?

लोलक

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचे तिन्ही प्रसंग त्याच्यावरच उभे आहेत.

आधी आकडेमोड. ४० टक्क्यांच्या दारूच्या ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल २४ मिली. त्याची घनता ०.७८९, म्हणून वजन भरतं साधारण १९ ग्रॅम. दोन पेगचे ३८. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९३०च्या दशकात मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे: अल्कोहोलचे ग्रॅम भागिले (शरीराचं किलोतलं वजन गुणिले एक गुणक). हा गुणक पुरुषांसाठी सरासरी ०.६८ आणि बायकांसाठी ०.५५, कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत जवळपास शिरत नाही. ७० किलोच्या पुरुषाचं गणित ३८ भागिले ४७.६, म्हणजे किलोला ०.८ ग्रॅम. ढोबळमानाने १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम. यकृत तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम उतरवतं (माणसागणिक १० ते २०). तेव्हा दोन तासांनी उरले ५०. हेच दोन पेग ५५ किलोच्या बाईने घेतले तर सुरुवात १२५च्या आसपास आणि दोन तासांनी ९५. ‘दोनच तर घेतले’ यावरून रक्तात किती आहे ते कळत नाही, ते यामुळे.

कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो १५चा वेग वाढत नाही. अल्कोहोल फोडणारं यकृतातलं एन्झाइम थोड्याशा दारूनेच पूर्ण कामाला लागलेलं असतं, त्याच्याकडे आणखी वेग उरलेला नसतो. पोटभर जेवण आधी असेल तर शोषण सावकाश होतं आणि शिखर बुटकं येतं, एवढाच फायदा. जेवण नंतर केलं तर तोही नाही.

आता ‘मला कळतंय’. एडवर्ड मेलनबीने १९१९ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत एक गोष्ट नोंदवली: रक्तातलं प्रमाण तेच असलं तरी ते चढत असताना प्राणी जास्त झिंगलेला दिसतो आणि उतरत असताना कमी. पुढे माणसांवर झालेल्या चाचण्यांत यातली खरी गोम समोर आली. उतरणीला ‘चढली आहे’ ही जाणीव झपाट्याने ओसरते, पण स्टिअरिंगवरच्या चुका त्या वेगाने ओसरत नाहीत. त्यामुळे दोन तासांनी ‘आता उतरली’ असं वाटणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला तसं मनापासून वाटत असतं, आणि घोळ तिथेच आहे.

पहिल्यांदा काय जातं? हात थरथरणं किंवा तोल जाणं हे बरंच पुढचं. २० मिलिग्रॅमच्या आसपासच दोन कामं एका वेळी सांभाळणं आणि हलत्या वस्तूमागे नजर ठेवणं ढिलं पडतं. समोरून आलेल्या दिव्यांनी डोळे दिपले की पूर्ववत दिसायलाही जास्त वेळ लागतो. गाडी सरळ रेषेत छान चालते, म्हणून आत्मविश्वास टिकतो. कडेने कुणी मध्ये आला की मग उघडं पडतं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला ०.३ सेकंद जरी उशीर धरला, तरी ५ मीटर वाढले. एका गाडीच्या लांबीपेक्षा जास्त.

अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात, वय वगैरे बाबी वजा करूनही, ५० मिलिग्रॅमला अपघाताचा धोका साधारण दुप्पट आणि ८०ला चौपट निघाला होता. तुमच्या पहिल्या प्रसंगातला पुरुष यातल्या पहिल्या आकड्यावर बसतो, आणि त्या जागी ती ५५ किलोची बाई असेल तर दुसऱ्याच्याही पुढे.

कलमबहाद्दर

लोलक यांच्याशी सहमत. कायद्याचं सांगतो.

मर्यादा देशोदेशी वेगळी. १०० मिली रक्तामागे भारतात ३० मिलिग्रॅम, जर्मनी-फ्रान्समध्ये ५०, स्वीडन-नॉर्वेत २०, इंग्लंडमध्ये ८०, हंगेरीत शून्य. पण अपवादाचा प्रश्न या आकड्याच्या पलीकडचा आहे, आणि त्याची सर्वात बारीक चिकित्सा इंग्लंडच्या निकालांत सापडते, म्हणून तिथलंच घेतो.

तिथे ‘परिस्थितीची सक्ती’ असा एक बचाव आहे. अटी कडक. मृत्यूची किंवा गंभीर इजेची भीती हवी, ती तत्क्षणीची हवी, दुसरी वाजवी वाट नको, आणि धोका संपला की गाडी चालवणंही संपलं पाहिजे. शिवाय कसोटी अशी, की त्या जागी एखाद्या धीराच्या, *न प्यायलेल्या* माणसाने तेच केलं असतं का? प्यायलेल्याच्या वागण्याचं माप न प्यायलेल्यावरून घेतात, ही गंमत लक्षात घ्या.

तुमचा दुसरा प्रसंग तर जवळजवळ जसाच्या तसा कोर्टात आलेला आहे. १९९०च्या आसपासचे दोन निकाल आहेत. दोघेही प्यायलेले, दोघेही हल्लेखोरांपासून पळालेले. एकजण रस्त्याने काही अंतर गेला आणि थांबला. त्याचा बचाव टिकला. दुसरा मागे कुणी येतंय का हे न बघता थेट घरापर्यंत गाडी घेऊन गेला, त्याचा पडला. कारण सुरुवातीचे काही मीटर जीव वाचवण्याचे होते, पुढचं सगळं अंतर घरी जाण्याचं. तेव्हा दुसऱ्या प्रसंगाचं उत्तर ‘हो, पुढच्या उजेडाच्या, माणसांच्या ठिकाणापर्यंत’. तिथे किल्ली काढायची आणि पोलिसांना फोन लावायचा. तो फोनच पुढे आपल्या बाजूचा पुरावा ठरतो.

तिसऱ्या प्रसंगाला हा बचाव लागूच होत नाही. कुणाचा जीव जात नाहीये. ‘पार्किंग म्हणजे रस्ता नाही’ हाही समज कच्चा आहे. लोकांना येण्याजाण्याची मुभा असलेली जागा सार्वजनिकच धरतात. अगदी थोडं अंतर चालवलं असेल तर तिथलं कोर्ट लायसन्स काढून न घेण्याचा विचार करू शकतं, पण गुन्हा कायम राहतो. तेव्हाही बघतात ते असं: किती अंतर, कशी चालवली, गाडीची अवस्था, आणखी पुढे जायचा बेत होता का, रस्ता आणि वर्दळ, इतरांना धोका किती, आणि चालवायचं कारण काय. कुणीतरी नकळत ग्लासात दारू मिसळली असेल तर तेही याच खात्यात येतं. शिक्षेत फरक पडू शकतो, गुन्हा पुसला जात नाही.

अवांतर: गाडीत नुसतं झोपणंही बऱ्याच ठिकाणी निर्धोक नाही. ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली हाताशी असेल तर ‘गाडी ताब्यात होती’ असा गुन्हा लागू शकतो. झोपायचंच तर मागच्या सीटवर, किल्ली दुसऱ्याकडे. आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून, काचा लावून बंद जागेत तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तिसरा_गिअर

दहा मीटरवाल्या प्रसंगाला लोक हसण्यावारी नेतात, म्हणून त्याचंच जरा जवळून.

रिव्हर्स घेताना मान मागे, एक डोळा आरशात, एक कॅमेऱ्यावर, हात उलट्या हिशेबाने फिरतायत, पाय ब्रेक आणि अॅक्सिलरेटरमध्ये ये-जा करतोय. म्हणजे वर सांगितलेली ‘एका वेळी दोन कामं’ इथे चार होतात. वेग कमी असतो म्हणून सोपं वाटतं. नेहमीची चूक अशी: नजर कॅमेऱ्याच्या पडद्याला चिकटते आणि स्टिअरिंग फिरलं की पुढचा कोपरा बाहेर झुलतो हे विसरायला होतं. शेजारच्या गाडीचं दार तिथे जातं. हे स्वस्तातलं. महागातली चूक म्हणजे ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबणं. गाडी थांबत नाही म्हणून माणूस आणखी जोराने दाबतो, कारण त्याच्या लेखी पाय ब्रेकवरच असतो. मॅन्युअल गाडी क्लच नीट न सुटल्याने निदान बंद तरी पडते. ऑटोमॅटिक ब्रेक सोडल्याबरोबर आपणहून सरकते, आणि इलेक्ट्रिकला तर शून्यापासून पूर्ण जोर. दहा मीटर सेकंद-दोन सेकंदांत संपतात. बंपरच्या उंचीखालचं लहान मूल मागच्या काचेतून दिसतच नाही.

उपाय सरळ आहे. ज्याची वाट अडली आहे तो बहुधा प्यायलेला नसतो, किल्ली त्याच्या हातात द्या. तोही प्यायलेला असेल तर त्याला जायची घाई कशाची, हा वेगळा धागा.

आता पहिला प्रसंग. कायदा आणि मिलिग्रॅम दोन्ही बाजूला ठेवा. छातीत कळ आलेला माणूस मागच्या सीटवर आहे आणि तुम्ही पुढे. वाटेत त्याचं हृदय थांबलं तर? छाती दाबायला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, पाठीखाली कडक पृष्ठभाग. यातलं काहीच चालत्या गाडीच्या मऊ सीटवर होत नाही, आणि ड्रायव्हरचे हात तर स्टिअरिंगवर. थेंबही न घेतलेल्या माणसासाठीसुद्धा स्वतःच्या गाडीने नेणं हा दुय्यम पर्याय आहे. अॅम्ब्युलन्समध्ये शॉक द्यायचं यंत्र, ऑक्सिजन आणि मोकळे हात असतात.

म्हणून क्रम असा. आधी ११२ किंवा तुमच्याकडचा जो नंबर असेल तो, स्पीकरवर. पत्ता आधी, लक्षणं नंतर, म्हणजे फोन तुटला तरी गाडी निघते. दार उघडं, बाहेरचा दिवा चालू. पलीकडचा माणूस काय करायचं ते सांगत राहतो, ते करा. अॅम्ब्युलन्सला खूप वेळ लागणार असं कळलं तर आजूबाजूचं न प्यायलेलं कुणीही शोधा. रात्री दोनला दार वाजवायला लाज वाटते, पण वाजवा. तेही नाही आणि अॅम्ब्युलन्स येऊच शकत नाही, असं फोनवरच सांगितलं गेलं, तर उरतो तो शेवटचा पर्याय: फोन चालू ठेवून, सावकाश, अर्ध्या वाटेवर जिथे अॅम्ब्युलन्स किंवा दुसरा ड्रायव्हर भेटेल *तिथपर्यंतच*. हे मला समर्थनीय वाटतं. यातली एक पायरी जरी गाळली तर नाही.

अर्धविराम

सर्वांचे आभार. तिसरा_गिअर, हृदय थांबण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, पहिल्या प्रसंगाचा रंगच बदलला. एक उपप्रश्न: फुंकायचं मीटर घरी असेल आणि आकडा मर्यादेखाली असेल, तर मग अपवादाचा प्रश्नच येत नाही ना?

लोलक

मीटरचं एकक आधी बघा. गोंधळ तिथेच होतो. तीन पद्धती आहेत: रक्तातले टक्के, हजारी प्रमाण, आणि एक लिटर श्वासातले मिलिग्रॅम. एकच माणूस एकाच क्षणी पहिल्यात ०.०५, दुसऱ्यात ०.५ आणि तिसऱ्यात साधारण ०.२४ दाखवतो. (श्वास आणि रक्त यांचं गुणोत्तर १ ला २१०० धरून. इंग्लंडमध्ये २३०० धरतात.) ३० मिलिग्रॅमची मर्यादा हजारी प्रमाणात ०.३ होते. कुणीतरी ०.३ एवढंच लक्षात ठेवतो, मीटर श्वासाच्या एककात ०.२४ दाखवतं, आणि ‘आहे की खाली’ म्हणून किल्ली उचलतो. प्रत्यक्षात रक्तात ५० आहे.

दुसरं, शेवटच्या घोटानंतर किमान १५ मिनिटं थांबून फुंकायचं. त्याआधी तोंडातली दारूच मोजली जाते आणि आकडा फुगतो. आणि थांबून आलेला आकडा कमी असला तरी नुकतंच प्यायला असाल तर शिखर यायचंय. ते अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत केव्हाही येतं. १५ मिनिटांच्या अंतराने दोनदा फुंका. दुसरा आकडा मोठा असेल तर पहिल्याला काही अर्थ नाही.

तिसरं, स्वस्त मीटरात सेमिकंडक्टर सेन्सर असतो, तो अॅसिटोनलाही फसतो. फ्युएल सेलचं घ्या आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत कॅलिब्रेट करून घ्या, सहसा सहा महिने ते वर्ष. सगळं नीट केलं तरी मर्यादेच्या काठावरचा आकडा ‘हो’ म्हणून वाचू नका.

सकाळचंही याच हिशेबात धरा. ७० किलोचा माणूस, रात्री बाराला संपलेले तीन पेग, म्हणजे १२०च्या घरात. तासाला १५ने सकाळी आठला शून्य. तासाला १०ने उतरत असेल तर दुपारचे बारा, आणि आपण यातले कोणते हे झोपेतून उठल्यावर कळत नाही.