चाळीस मिनिटं आणि एक बाजू : कायदा प्रवेशपरीक्षांमधल्या निबंधाचे अनुभव

भाची यंदा एलनॅट देणार आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, एलएसई अशा ब्रिटनमधल्या विद्यापीठांत बारावीनंतर कायदा शिकायचा तर ही परीक्षा द्यावी लागते. बहुपर्यायी प्रश्नांचा सराव कसा करायचा हे सांगणारे तिला ढिगानं भेटले. निबंधाबद्दल विचारलं की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर, "भरपूर वाच." म्हणून हा धागा. एलनॅट, अमेरिकेतली एलएसएटी, आपल्याकडची एनएलसॅट, जी दिली असेल तिच्या निबंधाची तयारी कशी केलीत ते लिहा. काय चुकलं तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो. सुरुवात मी करते.

परीक्षा सव्वादोन तासांची. पहिल्या ९५ मिनिटांत १२ उताऱ्यांवरचे ४२ प्रश्न, मग ४० मिनिटांत तीनपैकी एका विषयावर निबंध. पहिल्या भागाचे गुण ४२ पैकी कळतात. निबंधाला परीक्षा घेणारी संस्था गुण देत नाही, तो जसाच्या तसा विद्यापीठांकडे जातो आणि तिथले लोक तो वाचतात. "गुण नाहीत" एवढंच मी ऐकलं आणि निबंध शेवटच्या आठवड्यावर ढकलला. सराव केला तो दोन निबंधांचा.

परीक्षेत मी विषयाचा इतिहास लिहायला घेतला. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, घड्याळाकडे पाहिलं तर १८ मिनिटं गेलेली, आणि माझं मत काय ते अजून कुठंच आलेलं नव्हतं. शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं. एका प्रवेशवर्षात ही परीक्षा एकदाच देता येते आणि निकालही त्याच वर्षापुरता चालतो, त्यामुळे सगळं वर्ष थांबावं लागलं.

दुसऱ्या वेळी आठवड्याला तीन निबंध लिहिले. पाच-सहा मिनिटं विषय निवडून मुद्दे काढायला, तीस मिनिटं लिहायला, उरलेली वाचून बघायला. शब्दांची कमाल मर्यादा ७५० असली तरी मी ५५० च्या आसपास थांबायचे. पहिल्याच परिच्छेदात माझी बाजू सांगून मोकळी व्हायचे. त्या वर्षी प्रवेश मिळाला.

* * *

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. शाळेत निबंध म्हणजे सुरुवातीला सुभाषित, मध्ये दोन-तीन अलंकारिक वाक्यं आणि शेवटी संदेश. बक्षिसंही मिळवली होती. पहिला सराव निबंध मी त्याच वळणावर लिहिला. विषय होता, मतदान सक्तीचं असावं का. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे हे मला ठाऊक होतं. ते लिहिलं, लोकशाहीची महती गायली आणि संपवलं.

माझी आत्या संस्कृत शिकवायची. तिनं तो वाचला आणि विचारलं, "यात पूर्वपक्ष कुठाय?" आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची रीतच ती. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याचं खंडन, आणि त्यानंतर आपला सिद्धान्त. ती म्हणाली, "पूर्वपक्ष असा मांड, की त्या बाजूचा माणूस मान डोलावेल. लुळापांगळा पूर्वपक्ष उभा करून पाडलास तर कुणी तुला पैलवान म्हणणार नाही."

तोच निबंध मग आम्ही तिघी मिळून पाच वेळा लिहिला, तिसरी माझी बहीण. ती सक्तीच्या विरुद्ध बाजूनं बोलायची. तिचा पहिला मुद्दा, मत न देणं हेही एक मतच आहे. त्यावर मी म्हटलं, कोरी मतपत्रिका टाकायची मुभा ठेवली की तो हक्क शाबूत राहतो. मग ती म्हणाली, दंड सगळ्यांना सारखा, पण रोजंदारीवरच्या माणसाला तो जास्त बोचतो. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस मी तो मुद्दा निबंधात घेतलाच नाही. आत्यानं बरोबर तिथंच बोट ठेवलं. शेवटी मी तो मान्य केला आणि माझी बाजू आक्रसून घेतली : सक्ती योग्य आहे, पण कोऱ्या मताची सोय आणि त्या दिवशी भरपगारी सुट्टी असेल तरच. आत्या म्हणाली, "हा झाला सिद्धान्त."

त्या दिवशी मला कळलं, की समोरच्याचं खरं असेल तेवढं मान्य केल्यानं निबंध दुबळा होत नाही. पुढच्या प्रत्येक निबंधात मी हीच जागा शोधायचे, जिथं माझी बाजू थोडी मागे सरते. हल्ली कायदा शिकताना तर हे रोजच करावं लागतं.

* * *

माझं थोडक्यात. तीन विषयांपैकी मला ज्याची सर्वांत जास्त माहिती होती तो मी निवडला, पर्यावरणाचा. माहिती एवढी होती की वाद घालायचा राहूनच गेला. निबंधाचा अहवाल झाला. आता धाकट्यांना सांगतो, ज्या विषयावर तुमचं भांडण होऊ शकतं तो घ्या.

दुसरं, टंकलेखनाची सवय करा. निबंध संगणकावर लिहायचा असतो आणि मी महिनाभर वहीत सराव केला होता. केंद्रावरच्या कळफलकाच्या कळा जड होत्या, बोटं अडखळत होती. घरी संगणकावरच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, चुकीच्या शब्दाखालची लाल रेघ बंद करून लिहायला हवं होतं.

* * *

मी अमेरिकेसाठी एलएसएटी दिली, तिथला प्रकार वेगळा. ऑगस्ट २०२४ पासून लेखनाचा भाग बदलला. आता एक वादाचा प्रश्न देतात आणि सोबत त्यावरचे वेगवेगळे दृष्टिकोन. आधी १५ मिनिटं विचार करून टिपणं काढायला, मग ३५ मिनिटं लिहायला. घरीच, कॅमेरा सुरू ठेवून. गुण नाहीत, पण निबंध कायदा महाविद्यालयांना वाचायला मिळतो.

ती १५ मिनिटं मला फार वाटली आणि सरावात मी ती पाचातच संपवायचो. परिणाम असा, की दिलेल्या सगळ्या दृष्टिकोनांना एकेक परिच्छेद वाटून टाकायचो आणि माझं मत शेवटच्या दोन ओळींत यायचं. एका सिनियर मुलीनं सुचवलं, की लिहायला सुरुवात करण्याआधी टिपणांत फक्त तीन ओळी लिही : मी काय म्हणतो, का म्हणतो, आणि दिलेल्यांपैकी कोण मला सर्वांत जास्त अडचणीत आणतो. त्या तिसऱ्या ओळीला पूर्ण पंधरा मिनिटं लागतात. लागू द्यावीत.

* * *

धागाकर्ती : पूर्वपक्षाचं वाचून भाचीनं आजच्या निबंधात कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि उजवीकडे आधी विरुद्ध बाजू लिहिली. क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या तयार चौकटींबद्दल कुणाचा अनुभव आहे का? तिला तसल्या दहा दिल्या आहेत.

* * *

चौकटींबद्दल सांगते. मी पदवीनंतर एनएलसॅट दिली, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी. १५० गुण, त्यातले अर्धे बहुपर्यायी आणि अर्धे लेखी उत्तरांना. लेखी भाग तपासतात तो पहिल्या भागात वर आलेल्यांचाच, म्हणून क्लासनं सगळा जोर पहिल्या भागावर दिला आणि लेखीसाठी सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं पाठ करून घेतली. "या प्रश्नाच्या दोन्ही बाजू विचारात घेता" वगैरे. मी सरावात ती वापरली आणि माझ्या लक्षात आलं, की तीच वाक्यं मृत्युदंडावरच्या उत्तराला लागतात आणि समाजमाध्यमांवरच्या उत्तरालाही. जे वाक्य कुठंही चालतं ते तपासणाऱ्याला माझ्याबद्दल काहीच सांगत नाही. मी सगळी खोडली. त्यामुळे हाताशी वेळही उरला. भाचीला म्हणावं, दहाच्या दहा बाजूला ठेव.

आणि ही परीक्षा हातानं लिहायची आहे. सलग तासभर लिहायची सवय मोडली असेल तर दोन महिने आधीपासून हात चालता करा.

* * *

मी परीक्षार्थी नाही, बाप आहे. कायद्यातलं मला काही कळत नाही, मी छापखाना चालवतो. मुलगा एलनॅटची तयारी करत होता तेव्हा रोज रात्री निबंध आणून द्यायचा. त्यातलं बरोबर-चूक मी काय सांगणार? मी निबंध एकदा वाचायचो, कागद उलटा ठेवायचो आणि विचारायचो, "तुझं म्हणणं काय, एका वाक्यात सांग." पहिले दोन आठवडे त्याला ते सांगता यायचं नाही. "म्हणजे तसं बघितलं तर," असं सुरू व्हायचं. मग मी कागद परत द्यायचो. तो चिडायचा, एकदा जेवला नाही. मलाही वाईट वाटायचं, कारण त्यानं मेहनत घेतलेली दिसत होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं कागद माझ्या हातात दिलाच नाही. दारात उभ्या उभ्या एक वाक्य म्हणाला आणि मग म्हणाला, "बाबा, आता यातलं काय पटत नाही ते सांगा." आम्ही साडेअकरापर्यंत बोलत बसलो. मला त्यातलं बरंच पटलं नव्हतं. त्यानं ते सगळं मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं आणि सकाळी निबंध पुन्हा लिहिला. तो कागद माझ्या गल्ल्यात अजून आहे.