मदत हवी आहे: इर्सीमध्ये मराठीच्या जागी आडव्या रेघा, आणि मोठा मेसेज अर्धाच पोचतो

नमस्कार मंडळी, चार दिवस डोकं खाऊन झालंय, आता इथेच विचारते.

आयआरसीवर (इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी पद्धत) आमचा आठ-दहा जणांचा छोटासा चॅनेल आहे, निम्म्या गप्पा मराठीत निम्म्या इंग्रजीत. आत्तापर्यंत मी ब्राउझरमधून जायचे, टॅब बंद केला की आपण बाहेर आणि मागे कोण काय बोललं ते कायमचं गेलं. मग एकाने सांगितलं की इर्सी घे, हे आयआरसीचं सॉफ्टवेअर टर्मिनलमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवर टीमक्समध्ये (टर्मिनलमधलं सेशन मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडून ठेव आणि कुठूनही एसएसएच करून (म्हणजे दुसऱ्या मशीनवरून त्या टर्मिनलला जोडून) बघ. तर तसं केलं, आणि खरं सांगू, प्रेमातच पडले. १९९९ सालापासूनचं सॉफ्टवेअर, काळा पडदा आणि खाली निळी पट्टी, ऑल्ट आणि आकडा दाबला की खिडकी बदलते, माऊस लागतच नाही.

पण मराठीचं काही खरं नाही. त्या जुन्या लॅपटॉपसमोर बसून बघितलं तर सगळं नीट दिसतं. तेच सेशन एसएसएचने दुसरीकडून उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते अंडरस्कोअर, ओळच्या ओळ. गंमत म्हणजे मी तिथून आंधळेपणाने टाइप केलेलं बाकीच्यांना व्यवस्थित दिसतं म्हणे.

दुसरं जास्त गंभीर आहे. मोठा मेसेज लिहिला की पुढचा भाग गायबच होतो. इंग्रजीत तेवढंच लिहिलं तर पूर्ण जातं, मराठीत अर्ध्यात तुटतं, आणि मला माझ्या स्क्रीनवर पूर्ण दिसतं त्यामुळे कळतही नाही. परवा एका मित्राला कॉन्फिग कशी बदलायची ते सविस्तर लिहिलं, शेवट होता "जुनी फाईल उडवून टाकू नकोस". त्याच्याकडे पोचलं "जुनी फाईल उडवून टाक". त्याने टाकली उडवून. अजून बोलत नाहीये नीट.

करून बघितलेलं: /सेट टर्म_चारसेट यूटीएफ-८ दिलं (यूटीएफ-८ म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत), /सेव्ह केलं, फॉन्ट बदलला, घरचं इर्सी फोल्डर बाजूला ठेवून कोऱ्या कॉन्फिगने पण चालवलं. काहीही फरक नाही. (कमांड देवनागरीतच लिहितेय, फोनवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा, समजून घ्या.)

बाइटमोजे:
त्या फाईलबद्दल सहानुभूती. आपल्या भाषेत "नको" वाक्याच्या शेवटी येतं त्याला आयआरसीवाले काय करणार :)

तुमचे हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकात एक कालवू नका. समोरच्यांना नीट दिसतंय म्हणजे इर्सीची काही चूक नाही, रेघा टीमक्स काढतंय. तुम्ही ज्या एसएसएच सेशनमधून जोडताय तिथे लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नाहीये, त्यामुळे टीमक्सला वाटतं ह्या टर्मिनलला ही अक्षरं झेपणार नाहीत आणि ते प्रत्येकाच्या जागी अंडरस्कोअर ठेवतं. बाहेर पडा (कंट्रोल-बी, मग डी) आणि टीमक्स -यू अटॅच असं करून परत जोडा. इर्सी बंद करायची अजिबात गरज नाही. चाललं तर मग कायमचा उपाय म्हणून लोकॅल ठरवणारं लॅंग व्हेरिएबल शेलच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये टाका.

मेसेज तुटण्याचं कारण प्रोटोकॉलमध्येच आहे. आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइट, त्यात ओळ संपल्याच्या खुणेचे २ बाइट, चॅनेलचं नाव आणि सर्व्हर पुढे पाठवताना तुमचं निक-होस्ट (टोपणनाव आणि मशीनचा पत्ता) लावतो ते सगळं आलं. इंग्रजी अक्षर १ बाइट, देवनागरीचं ३. आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे, म्हणजे नुसतं "क्षि" लिहिलंत की क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून १२ बाइट गेले. त्यामुळे "टाकू" मधला उकार पलीकडे गेला आणि "टाक" अलीकडे राहिला. इर्सीचं व्हर्जन कुठलं आहे? जुन्यात हे असंच कापलं जायचं, लोक स्प्लिटलाँग नावाची पर्ल स्क्रिप्ट लावायचे. नवीन इर्सी स्वतःच मेसेज तोडून दोन ओळींत पाठवतं, आणि स्प्लिट_लाइन_ऑन_स्पेस चालू असेल तर शब्दाच्या मध्ये न तोडता स्पेसवर तोडतं.

काळापडदा:
+१. अपग्रेड केलंत तर अजून एक करा, /सेट डब्ल्यूसीविड्थ_इम्प्लिमेंटेशन म्हणून सेटिंग १.२ पासून आलंय. कुठलं अक्षर किती घरं व्यापतं ह्यावर इर्सी आणि टर्मिनलचं एकमत नसेल तर कर्सर भलतीकडे जातो. त्यात सिस्टिम आणि ज्युलिया असे पर्याय आहेत, दोन्ही लावून बघा, जे जुळेल ते ठेवा.

धागाकर्ती:
बाइटमोजे, दंडवत! -यू लावलं आणि सगळं मराठी समोर हजर. चार दिवस मी इर्सीच्या सेटिंगमध्ये खणत बसले होते आणि भानगड टीमक्सची.

व्हर्जन बघितलं तर ०.८ वालं निघालं, त्या लॅपटॉपवर काही वर्षांत कोणी अपडेटच केलं नव्हतं (कोणी म्हणजे मीच). अख्खी सिस्टिम नवीन करून आज इर्सी परत टाकलं, मुद्दाम लांबलचक मेसेज पाठवला, दोन ओळींत पूर्ण गेला. मित्राला पहिला मेसेज "उडवून टाकू नकोस" एवढाच पाठवला, त्याने फक्त एक टिंब पाठवलंय.

काळापडदा, ज्युलिया लावल्यावर कर्सर बराच ताळ्यावर आला, पण बॅकस्पेसने जोडाक्षर खोडताना अजून एक घर मागेपुढे होतो, सिस्टिमवर तर आणखी वाईट. हे आता टर्मिनलचंच दिसतंय. देवनागरीसाठी तुम्ही लोक टर्मिनल कुठलं वापरता?