जमिनीवरच्या चपट्या कृमीला मराठीत काय म्हणावे?

घोडबंदरकर

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायच्या टाक्या आहेत. पावसाने जोर धरला की टाक्यांच्या कडेला, कुंड्यांच्या बुडाशी एक लांबट, चपटा, बुळबुळीत जीव दिसायला लागतो. वीतभर तरी असतो, कधी जास्तच. रंग मातकट, पाठीवरून गडद उभ्या रेघा, आणि डोकं मात्र पसरट, अर्धचंद्रासारखं. माळीदादा त्याला जळू म्हणतात. तळमजल्यावरच्या आजींच्या मते ते सापाचं पिल्लू. काहीजण तर गांडूळ समजून उचलून परत टाकीत टाकतात.

इंग्रजीत याला लँड फ्लॅटवर्म आणि हॅमरहेड वर्म म्हणतात एवढं शोधून काढलं. आम्हाला फलकावर सूचना लावायची आहे आणि ती मराठीतच लावायची आहे. कोणता शब्द वापरावा?

सानपाडा

हातोडी किडा! सोपं आणि लगेच कळणारं.

उपवन

घोडबंदरकर ताई, प्रश्न फार चांगला आहे. फलकावर चुकीचा शब्द गेला तर लोक चुकीचंच काही करतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'किडा' नको. किडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सहा पायांचं काहीतरी येतं, आणि याला पायच नाहीत. 'अळी' तर अजिबात नको, कारण अळीचं पुढे फुलपाखरू किंवा भुंगा होतो. ओवळ्याला फुलपाखरं बघायला जाणाऱ्या मुलांनाही हे पाठ असतं. हा जीव जन्मभर असाच राहतो.

जळू आणि गांडूळ ही दोन भावंडं, दोघांचं अंग वलयांनी बनलेलं. गांडुळाला गावोगावी काडू, दानवे अशीही नावं आहेत, संस्कृतात गंडूपद आणि भूनाग. ओलं गांडूळ बोटात धरा, वळी हाताला लागतात. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात आणि ती अंग आखडून, लांबवून चालते. तुमच्या पाहुण्याच्या अंगावर एकही वळं सापडणार नाही. तो वाहत्या पाण्यासारखा एकसंध सरकतो. सापाचं पिल्लू म्हणजे आजींना बहुधा वाळा म्हणायचा असेल. वाळ्याला खवले असतात, जीभ असते. यातलं इथे काहीच नाही.

आपल्याकडे 'देवगांडूळ' हा शब्दही आहे. सह्याद्रीत राहणाऱ्या त्या प्राण्याला लोकांनी दिसण्यावरून गांडूळ म्हटलं, प्रत्यक्षात तो बेडकाच्या नात्यातला, पाठीचा कणा असलेला उभयचर. नाव गोड आहे, पण नात्याची दिशाभूल करतं. नवा शब्द घडवताना ती टाळता आली तर टाळावी.

मराठी विश्वकोशाने चपट्या कृमींच्या संघाला, म्हणजे त्यांच्या सगळ्या मोठ्या गटाला, 'पृथुकृमि' म्हटलं. पृथु म्हणजे रुंद, पसरट. ग्रीक 'प्लॅटिस' आणि आपला 'पृथु' हे मुळात सख्खे शब्द आहेत, त्यामुळे प्लॅटिहेल्मिंथिसला पृथुकृमी म्हणणं म्हणजे आपल्याच घरातला शब्द काढून देणं आहे. मला तो मनापासून आवडतो. फलकावर मात्र तो कुणी वाचणार नाही. शाळेत मुलं चपटे कृमी असं शिकतात, तोच धागा धरून चपटकृमी म्हणावं, आणि जमिनीवरच्यांसाठी भूचपटकृमी.

कळवा पूर्व

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पुस्तकात चपट्या कृमींची उदाहरणं म्हणून प्लॅनेरिया, लिव्हरफ्लूक आणि पट्टकृमी येतात. तीनपैकी दोन परजीवी, त्यामुळे 'कृमी' शब्द ऐकला की मुलं पोटातले जंतच समजतात. पालकही तसंच. फलकावर 'कृमी' लिहिलं तर लहान मुलांना जंताच्या गोळ्या द्याव्यात का असं कुणीतरी विचारेल, याची मला खात्री आहे.

आणि शब्द ठरवतोच आहोत तर वर्गीकरणही नीट मराठीत मांडा ना. वर्तमानपत्रात रोज 'नवी प्रजाती सापडली' छापून येतं आणि मग मुलं उत्तरपत्रिकेतही तेच लिहितात.

उपवन

बाई, तुमचा प्रजातीचा मुद्दा एकदम पटला. आपल्याकडे स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती किंवा वंश. हिंदीत प्रजाती हा शब्द स्पीशीजसाठी आहे, तोच आपल्या बातम्यांत शिरला. ही गल्लत इथे महागात पडते, का ते पुढे येईलच.

संघ: चपटकृमी. गण: ट्रिक्लॅडिडा, म्हणजे ज्यांच्या आतड्याला तीन शाखा असतात ते. एक शाखा पुढे डोक्याकडे जाते, दोन मागे शेपटाकडे. त्रिशाखी म्हणायला हरकत नाही. या गणात समुद्रातले आहेत, गुहांतले आहेत, गोड्या पाण्यातले आणि जमिनीवरचेही आहेत. पूर्वी जमिनीवरच्यांचा 'टेरिकोला' असा वेगळा गट मानत. 2009 साली वर्गीकरणाची फेरमांडणी झाली आणि तो गट मोडला, कारण जमिनीवरच्या चपटकृमींचं गोड्या पाण्यातल्या एका कुलाशी फार जवळचं नातं निघालं. म्हणजे पुस्तकातला तळ्यातला प्लॅनेरिया आणि कुंडीखालचा हा, दोघे चुलतभाऊ. जमिनीवरचे सगळे आता एकाच कुलात येतात, जिओप्लॅनिडी. त्याची उपकुलं आहेत. अर्धचंद्र डोक्याचे ते बायपॅलिनी. दोनच डोळ्यांचे जीव ज्यांत येतात ते ऱ्हिंकोडेमिनी आणि मायक्रोप्लॅनिनी, त्यांतला फरक कातडीखालच्या स्नायूंच्या जुड्यांवरून करतात. आणि जिओप्लॅनिनी, पुष्कळ डोळ्यांचे, मुख्यतः दक्षिण व मध्य अमेरिकेतले.

उपकुल आपण बऱ्याचदा नुसतं बघून सांगू शकतो. जाती सांगणं अवघड. रंग आणि रेघा फसवतात. खात्री करायची तर जननेंद्रियांचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात किंवा डीएनए तपासावा लागतो. अर्धचंद्र डोकं तर आहे, पण आतली रचना अजून कुणी बघितलेली नाही, अशा जाती ठेवायला 'डायव्हर्सिबायपॅलियम' नावाची प्रजातीच केलेली आहे. म्हणून घोडबंदरकर ताईंनी वर्णन केलेला जीव बायपॅलिनीतला आहे इतकं मी ठामपणे म्हणेन. पाठीवर नेमक्या पाच रेघा असतील तर तो बायपॅलियम केवेन्से असण्याचा संभव मोठा. लंडनच्या क्यू बागेतल्या काचगृहात तो सापडला आणि 1878 साली मोझली या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकांनी त्याचं वर्णन केलं. नाव क्यूचं असलं तरी त्याचं मूळ घर आग्नेय आशियात. कुंडीतल्या मातीबरोबर तो जगभर पसरला. हेच मोझली 1871 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेबरोबर श्रीलंकेला गेले होते, आणि तिथल्या चपटकृमींच्या शरीररचनेवर त्यांनी 1874 साली लिहिलेला निबंध हे या विषयातलं पायाभूत काम आहे.

जंतांची शंका मात्र फलकावरच मिटवावी लागेल. पट्टकृमी परजीवी आहे, पर्णाभकृमी म्हणजे लिव्हरफ्लूकही परजीवी आहे. भूचपटकृमी परजीवी नाही. तो शिकारी आहे.

पारसिक

हातोडीपेक्षा मला फावडं जवळचं वाटतं. डोकं अगदी फावड्याच्या पात्यासारखं दिसतं. दुतोंड्या म्हणतो तसं 'फावडतोंड्या' म्हटलं तर?

उपवन

पारसिक, फावडं अगदी बरोबर पकडलंत! बायपॅलियम हा मूळचा लॅटिन शब्द, जुन्या रोमन शेतकऱ्यांचं खोल खणायचं फावड्यासारखं अवजार. प्रजातीला नाव देणाऱ्याला फावडंच दिसलं होतं. हातोडी नंतर, हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कमुळे आली असावी.

पण '-तोंड्या' इथे बसत नाही. या जिवाचं तोंड डोक्याला नाहीच. ते पोटाच्या बाजूला, साधारण शरीराच्या मध्यावर असतं. तिथून ग्रसनी, म्हणजे घशाची नळी, बाहेर येते. गेल्या पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर एका ओल्या दगडाच्या आडोशाला हे मी अगदी जवळून पाहिलं. गांडूळ जोरजोरात वळवळत होतं, याने त्याच्या अंगावर वेढे घालून चिकट स्रावाने त्याला धरलेलं. डोकं शिकारीवर नव्हतंच, ते बाजूला उचललेलं होतं. मग पोटाखालून पांढरी, पातळ, चुणीदार झालरीसारखी एक गोष्ट उमलली आणि गांडुळाच्या अंगावर पसरली. तीच ग्रसनी. तिच्यातून पाचकरस सुटतात, शिकार बाहेरच विरघळू लागते आणि तो रस आत ओढला जातो. गांडुळाची वळवळ हळूहळू थांबली.

गुदद्वार नाही. जे पचलं नाही ते त्याच तोंडातून बाहेर. रक्त नाही, हृदय नाही, फुप्फुस नाही. शरीर इतकं चपटं असण्याचं कारणही हेच: रक्ताभिसरण नसताना प्रत्येक पेशीपर्यंत प्राणवायू कातडीतूनच पोचायचा, तर जाडी वाढवून चालत नाही. देहगुहाही नाही, आतड्याच्या आणि कातडीच्या मधली जागा ऊतींनी भरलेली. उत्सर्जनासाठी ज्वालापेशी असतात, त्यांच्या आत केसांचा झुबका सतत हलत असतो, सूक्ष्मदर्शकाखाली ज्योत फडफडावी तसा. पोटाच्या मध्यावरून एक उभी पट्टी जाते, तिच्यावर पक्ष्माभिकांचं, म्हणजे अतिसूक्ष्म हलत्या केसांचं, दाट आवरण. ती आणि चिकट स्राव यांवर तो सरकतो. या पट्टीला मी 'सर्पणतळ' म्हणेन. काहींना 'तळवा' बरा वाटेल.

मग डोकं कशासाठी? वास आणि चव घेण्यासाठी. त्याच्या पुढच्या कडेला बारीक खळगे असतात, त्यांनी तो ओल्या मातीतला गांडुळाचा माग काढतो. म्हणून चालताना ते डोकं सारखं डावीउजवीकडे फिरवतो. डोळे म्हणाल तर कडेने ठिपक्यांसारखे पुष्कळ, पण ते फक्त उजेड-अंधार सांगतात.

तेव्हा फावडेडोक्या. फावडेडोक्या चपटकृमी.

खारघर सेक्टर

पांडवकड्याकडच्या वाटेवर पावसात असेच दोन-तीन प्रकार पाहिलेत, एक तर पिवळाधमक काळ्या पट्ट्याचा. दिसला की मारायचा का? आणि एक विचारायचंय. आमच्याकडे मोठ्या आफ्रिकन गोगलगाईंनी बागेचा पार फडशा पाडलाय. चपटकृमी गोगलगाय खातात असं वाचलं. मुद्दाम आणून सोडले तर?

उपवन

नको, कृपा करून असं काहीही करू नका. ती गोगलगायही अशीच कुणीतरी आणलेली आहे. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या गृहस्थांनी मॉरिशसहून ती कोलकात्यात आणली आणि आज ती तुमच्या कडीपत्त्यावर आहे. तिच्यावर उतारा म्हणून पॅसिफिकमधल्या काही बेटांवर न्यू गिनीचा प्लॅटिडेमस मॅनोक्वारी नावाचा चपटकृमी सोडला. त्याने तिथल्या मूळच्या, दुसरीकडे कुठेही नसलेल्या लहान गोगलगाई खायला सुरुवात केली. जगातल्या 100 घातक आक्रमक जातींच्या यादीत आज गोगलगाय आणि हा चपटकृमी दोघेही आहेत.

मारायचं की नाही, इथेच मघाचा जातीचा मुद्दा येतो. सह्याद्रीच्या जंगलात आपले स्वतःचे, मूळचे भूचपटकृमी आहेत. ते तिथल्या पालापाचोळ्यातले शिकारी आहेत आणि त्यांना तिथे राहण्याचा पूर्ण हक्क आहे. पांडवकडा, येऊर, पारसिकची टेकडी, अशा ठिकाणी दिसला तर फोटो काढा, वरून एक आणि डोक्याचा एक, आणि सोडून द्या. रोपवाटिकेतून आलेल्या कुंडीत किंवा खताच्या टाकीत मिळाला तर गोष्ट वेगळी, तिथे तो तुमची गांडुळं संपवतो.

तोडायचा मात्र कधीच नाही. केवेन्सेची वाढ मुख्यतः तुटण्यातूनच होते. शेपटीचं टोक जमिनीला चिकटवून तो पुढे निघून जातो, मागे राहिलेला तुकडा लगेच हालचाल करू लागतो आणि आठ-दहा दिवसांत त्याला नवं डोकं फुटतं. चप्पलने चार तुकडे केलेत तर चार जीव मोकळे सोडलेत असं समजा.

दिघा

'भूपर्णक' कसा वाटतो? दक्षिण अमेरिकेतल्या चपटकृमींच्या एका प्रजातीचं नाव ओबामा आहे, ते राष्ट्राध्यक्षांवरून नसून तुपी भाषेत ओबा म्हणजे पान आणि मा म्हणजे प्राणी, असं वाचलं होतं.

उपवन

माहिती बरोबर आहे, 2013 मधलं नाव. ती प्रजाती खरोखर पानासारखी रुंद असते, फावडेडोक्या मात्र फितीसारखा. शिवाय आपल्याकडे 'पर्ण' पर्णाभकृमीने आधीच घेतलेलं आहे.

कळवा पूर्व

मग कृमि की कृमी? आणि तो की ती?

उपवन

विश्वकोशातलं 'कृमि' हे जुन्या धर्तीचं लेखन. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांनुसार शेवटचा इकार दीर्घ, म्हणून कृमी, चपटकृमी. समासात पहिलं पद आलं की ह्रस्व: कृमिनाशक, कृमिशास्त्र. लिंग पुल्लिंगी. तो कृमी, ते कृमी. प्राणी स्वतः उभयलिंगी असला तरी शब्दाला लिंग एकच.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा असा केलाय, बघा:

'पावसाळ्यात कुंड्यांखाली व खताच्या टाक्यांपाशी पसरट डोक्याचा, चपटा, चकचकीत जीव दिसतो. तो साप, जळू किंवा गांडूळ नाही. तो फावडेडोक्या चपटकृमी आहे. तो माणसाच्या पोटात राहणारा जंत नाही. तो आपली खताची गांडुळं खातो. त्याला ठेचू नका, तोडू नका. उघड्या हाताने धरू नका. काडीने उचलून मीठ टाकलेल्या झाकणाच्या डब्यात टाका व हात साबणाने धुवा. गांडुळाला मारू नका.'

उपवन

उत्तम. 'उघड्या हाताने धरू नका' याचं कारण कुणी विचारलं तर सांगा की फुग्या माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन हे विष केवेन्सेच्या अंगात असल्याचं 2014 मध्ये दाखवून दिलं गेलं. हात लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण कुत्र्या-मांजरांना तोंड लावू देऊ नये. एवढी एक ओळ प्राणी पाळणाऱ्यांसाठी वाढवा.