‘बा’ म्हटलं की तो बाबांना शोधतो : शाळा निवडताना भाषा बघायची की शिक्षक?

शहापूरची आई
मुलगा साडेपाच वर्षांचा. ऑटिझम. बोलतो ते शब्द मोजून चौदा, सगळे मराठी. बेळगावातल्या एका विशेष शाळेत पंधरा दिवस पाठवून बघितलं. शाळा चांगली आहे, खोटं कशाला बोलू? सहा मुलांमागे एक, विशेष मुलांचं शिकलेली बाई, चित्रांची कार्डं, झोपाळा, सगळं. पण बोलणं पूर्ण कन्नडमध्ये. बाई ‘बा’ म्हणतात, म्हणजे ये. हा दाराकडे बघतो, बाबा आले वाटतं! ‘कुंद्रु’, म्हणजे बस, म्हटलं तर उभाच. वहीत शेरा आला, ‘सूचना पाळत नाही’.

आमच्या गल्लीत सरकारी मराठी शाळा आहे. पहिलीत मुलं कमी, बाई घ्यायला तयार. माझं मत स्पष्ट आहे : आधी एक भाषा पक्की होऊ दे, विशेष शाळा दोन वर्षांनी बघू. ह्यांना पटत नाही. तुम्ही सांगा.

निपाणीकर
ताई, हीच चूक मी केली म्हणून लिहितोय. माझी मुलगी आता अकराची. भाषेसाठी म्हणून तीन वर्षं गावच्या मराठी शाळेत ठेवली. बाई देवमाणूस होत्या. पोरगी तीन वर्षं मागच्या बाकावर रंग भरत बसली. शी-शू सांगायला शिकली ती नंतर कोल्हापूरला, शिकलेल्या बाईंच्या हाताखाली, सहा महिन्यांत. हातचं वय गेलं ते गेलं. आधी शिक्षक बघा, मग भाषा.

शहापूरची आई
दादा, निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, आणि तिथं मराठीच. तुम्हाला दोन्ही एका जागी मिळालं. मला शंभराच्या वर आहे. रोजचं कसं जमायचं?

टिळकवाडी ७७
सरळ इंग्लिश मीडियम करा आणि घरीही इंग्लिशच बोला. आम्हाला डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. एक भाषा, गोंधळ नाही.

खानापूरच्या बाई (निवृत्त विशेष शिक्षिका)
वरचं कृपा करून ऐकू नका. आजीशी मराठी, शेजारी कन्नड, असं वाढल्यानं ऑटिझमचं मूल मागं पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घरची भाषा बंद केली की आईच गप्प होते, कारण तिला इंग्लिशमध्ये लाड करता येत नाहीत. हे मी किती घरांत बघितलं, विचारू नका.

आता ताई, तुमच्याबद्दल. मी निपाणीकरांच्या बाजूची. चौदा शब्दांच्या मुलाला वर्गातली भाषा नंतर लागते. आधी लागतं ते बघणं, मागणं, थांबणं, आणि ते चित्रांच्या कार्डावर शिकवता येतं. पण स्पीच थेरपी मात्र घरच्या भाषेतच मागा. तिथं ऐकून घेऊ नका.

गल्लीतली शाळा तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 31 आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. तो सहाचा व्हायला अजून सहा महिने आहेत, ते वाया घालवू नका. आणि कन्नड सक्तीची भीती वाटत असेल तर त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी ‘बघू की’ म्हणतात, ते बघणं वर्षभर चालतं.

निपाणीकर
बाई, कायदा बरोबर हो. 2022 साली केंद्रानं प्राथमिकला दहा खास मुलांमागे एक विशेष शिक्षक असं ठरवलं. आमच्या शाळेत फिरते शिक्षक महिन्यातून एकदा यायचे, सही करून चहा पिऊन जायचे. त्यांच्याकडे अख्खा तालुका, त्यांचा तरी काय दोष! म्हणून म्हणतो, ताईंनी गल्लीतल्या शाळेत एकच विचारावं : आठवड्यातून किती दिवस कोण येणार?

शहापूरची आई
विचारलं. ‘येतात अधूनमधून’ म्हणाले.

अनगोळचा मामा
माझा भाचा कन्नड विशेष शाळेतच आहे. पाणी पाहिजे तर ‘नीर’ म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आमची आई रडली, आनंदानं का दुःखानं, तिलाच माहीत नाही. मग चौऱ्याहत्तरच्या वयात म्हातारी ‘नीर’ शिकली. मराठीच्या मोर्चाला जाणारं आमचं घर, राग येतो ना? येतो. पण पोराच्या तोंडातून शब्द आला, आता तो कुठल्या भाषेतला म्हणून परत पाठवू काय?

शहापूरची आई
मामा, हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. तुमच्या भाच्यासाठी आजी शिकली. शाळेनं एक शब्द तरी शिकावा की नाही? ‘सूचना पाळत नाही’ हा शेरा माझ्या पोराच्या वहीत राहिला, शाळेच्या नाही.

काल जाऊन तेच बोलले, थोडं चिडूनच. बाई गोकाकच्या, नवीन आहेत. म्हणाल्या, मला कुणी सांगितलंच नाही की त्याला कन्नड कळत नाही. मग कार्डांच्या मागं ये, बस, दे, थांब, पाणी असे शब्द कन्नड लिपीत लिहून घेतले आणि माझ्यासमोर ‘ये’ म्हणून बघितलं. तो गेला. अर्धाच रस्ता, मग पंख्याकडे बघत उभा राहिला, पण गेला.

सोमवारपासून परत पाठवतेय. तो शेरा खोडायला सांगितलंय. गल्लीतल्या शाळेचा फॉर्म कपाटात आहे, तो फाडलेला नाही.

निपाणीकर
फाडू नका.