ऑडिओग्राम नॉर्मल, तरी मुलाला बोललेलं कळत नाही. एपीडी (ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, म्हणजे कान ठीक पण ऐकलेलं मेंदूला नीट उलगडत नाही) असेल का?

धावपळीतली_आई: मुलगा ८ वर्षांचा आहे. घरी शांततेत बोललं की सगळं नीट कळतं पण टीव्ही चालू असला किंवा चार माणसं एकदम बोलायला लागली की "काय? काय म्हणालीस?" सुरू. पाटी म्हटलं की पाठी ऐकतो. बाई सांगतात पान बत्तीस काढा आणि दुसरा प्रश्न वहीत लिहा, तर हा पान काढून बसून राहतो, पुढचं सगळं हवेत. कान तपासले, ऑडिओग्राम एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले लक्ष देत नाही, बाकी काही नाही. नेटवर एपीडी वाचलं आणि आता डोकं भणभणतंय. खरंच असं काही असतं का आणि असेल तर औषध काय?

कानामागचं: ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऑडिओग्राममध्ये बारीकात बारीक बीप किती ऐकू येते एवढंच कळतं. गोंगाटातलं बोलणं मेंदू कसं वेगळं काढतो हे त्यात दिसतच नाही, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणजे विषय संपला असं नाही. एपीडीच्या टेस्ट वेगळ्या असतात. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात आणि सगळे सांगायला लावतात. सलग खरखर आवाजात काही मिलिसेकंदांची फट ठेवतात, ती कळली की बटण दाबायचं. उंच-खाली-उंच असे स्वर ऐकवून क्रम विचारतात. बोलण्याची टेस्ट मात्र मुलाच्या रोजच्या भाषेतच हवी, नाहीतर भाषेची अडचण कानाच्या नावावर खपते. साधारण ७ वर्षांच्या आत या टेस्टवर फार भरवसा ठेवत नाहीत कारण लहान मुलांचे निकाल फार खालीवर होतात, तुमचा मुलगा वयात बसतो. आणि एक, एबीआर (कानाची नस आवाजाला कसा प्रतिसाद देते ती तपासणी) आणि ओएई (आतल्या कानाची तपासणी) करून ऑडिटरी न्यूरोपॅथी, म्हणजे कान आवाज पकडतो पण नसेतून तो मेंदूकडे नीट जात नाही, असं नाही ना हे आधी बघून घ्या, लक्षणं बरीच सारखी असतात.

अर्धवट_गणिती: डॉक्टरांचं अगदीच चूक नाही हां. एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात अडचण), भाषेचा उशीर, सगळ्यात हेच दिसतं आणि बऱ्याचदा एकत्रच असतात. एपीडी हा वेगळा आजार मानायचा की नाही यावर संशोधकांतच वाद आहे. म्हणून स्पीच थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ दोघांकडून तपासून घ्या, एकट्या कानाच्या रिपोर्टवर शिक्का नको. एडीएचडीचं औषध चालू असेल तर टेस्टच्या दिवशी ते चुकवायचं नाही.

मागच्या_बाकावरून: आमच्या मुलीला आहे. औषध नाही यावर. सगळ्यात जास्त फरक पडला रिमोट माइकने, बाई गळ्यात माइक घालतात आणि आवाज थेट हिच्या कानात, मधला गोंगाट वजा. शिवाय पुढचा बाक, पंख्या-खिडकीपासून लांब, आणि सूचना फळ्यावरही लिहायची. एका वेळी एकच सूचना द्यायची आणि "कळलं का?" विचारायचं नाही, काय करायचंय ते तिलाच सांगायला लावायचं, कारण कळलं का म्हटलं की उत्तर कायम हो! कानाचे व्यायामही चालू आहेत, त्या टेस्टमध्ये मार्क वाढले पण अभ्यासात त्याचा किती उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही. आठवड्यात मेंदू बदलतो म्हणणाऱ्या महागड्या अॅपवाल्यांना लांबूनच नमस्कार.

नुसता_वाचक: मोठ्यांनाही होतं. मला डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं, ऐकण्याची पातळी ठीक पण हॉटेलात समोरच्याचं अर्धं बोलणं निसटतं. भिंतीला पाठ करून बसतो, व्हिडिओला सबटायटल, आणि मीटिंगचं लेखी मागतो. लोकांना सरळ सांगितलं की निम्मा त्रास कमी होतो.

धावपळीतली_आई: सगळ्यांना थँक्यू. लहानपणी याचा कान सारखा वाहायचा, त्याचा संबंध असेल का?

कानामागचं: असू शकतो, पडद्यामागे पाणी वारंवार साचलेल्या काही मुलांना गोंगाटात ऐकायला नंतरही जड जातं. टेस्टला जाताना ते आवर्जून सांगा, जुने कागद असतील तर सोबत न्या. टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबाने पडदा कसा हलतो ते बघायची तपासणी) पुन्हा करून घ्या म्हणजे आत्ता पाणी नाही ना ते कळेल. आणि बाईंना बाक बदलायला उद्याच सांगा, त्याला रिपोर्ट लागत नाही.